चौदा आणे आणि अठरा मुलं
चवदार तळ्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, हे आपण फारसं सांगत नाही. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं, अबकारीतून मात्र माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं, असा हिशेब त्यांनी मांडला. शाळेत आलेल्या १०० पोरांपैकी चौथीला पोचतात १८. ८२ पुन्हा निरक्षर. म्हणजे कमी पैशात शाळा चालवणं ही काटकसर नव्हे, घातलेला पैसाही बुडवणं आहे.

२०१७ मध्ये शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करायला घेतल्या. आमच्या किन्हवलीकडे, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून, कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. गावात हंगामी वसतिगृह नसेल तर पोरं आईबापांसोबतच जाणार. आणि पट घटला की कुऱ्हाड शाळेवर!