औषधदान : कायम तिथीपासून कंपनी कायद्यापर्यंत

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाच्या भावनेतून समाजाचे अनेक धर्मादाय दवाखाने उभे राहिले. त्यांचा एक मोठा आधार म्हणजे कायम तिथी. दात्याने वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ एकरकमी देणगी द्यावी, ती मुदत ठेवीत राहावी आणि त्या तिथीचा औषधखर्च व्याजातून भागावा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ने अशा निधीला नोंदणी व हिशेबतपासणीची शिस्त लावली. मुद्दल मात्र तेवढेच राहिले. औषधांचे भाव चढत गेले आणि १९९० च्या दशकात दोन अंकी असलेले व्याजदर पुढे उतरले. दात्याचे नाव फलकावर राहिले, त्या दिवसाचा खर्च मात्र निघेनासा झाला. व्याजाचा व्यवहार जाणणाऱ्या व्यापारी समाजाला हे गणित उशिरा उमगावे, हे नवलच!

१ एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे ठरले. त्यात आरोग्यसेवेचा समावेश आहे. हा निधी घेऊन काम करणाऱ्या विश्वस्त संस्थेस आयकराची नोंदणी, ८०जी मान्यता, तत्सम कार्याचा ३ वर्षांचा अनुभव आणि २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी आवश्यक झाली. केवळ बोलीच्या वहीवर विसंबलेल्या दवाखान्यास तेथे अर्जही करता येत नाही.