जुना संगणक सुरू करण्यापूर्वी

१९८४-८५ साली भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक निवडला गेला. १९८१ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलेल्या या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. पुढे अधिक वेगवान संगणक आले आणि ही यंत्रे कपाटात गेली.

आज असे एखादे यंत्र हाती आले, तर पहिला मोह होतो तो बटण दाबून पाहण्याचा. नेमके तेच करू नये. न वापरलेली वस्तू झिजत नाही, अशी आपली समजूत असते. विद्युत उपकरणांच्या बाबतीत ती खरी नाही.

बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात, थेट मुख्य विजेवर जोडलेली काही धारित्रे, म्हणजे आपल्या बोलीतले कंडेन्सर, असतात. विजेतील खरखर शोषणे हे त्यांचे काम. त्यांपैकी बऱ्याच धारित्रांत धातूचा मुलामा दिलेला कागद असे. वर्षानुवर्षांत त्यांच्या वेष्टणाला तडे जातात व हवेतील दमटपणा कागदात शिरतो. मग वीज जोडताच धारित्र तापते, फुटते आणि खोलीभर उग्र धूर पसरतो. गंमत अशी, की अनेकदा संगणक मात्र चालूच राहतो.

इलेक्ट्रोलिटिक धारित्रांची कथा वेगळी आहे. त्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विद्युतरोधकाचे काम करतो. हा थर टिकतो तो वापरामुळे. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तो दुबळा होतो आणि एकदम पूर्ण दाब दिला, तर प्रवाह गळून धारित्र तापते. मर्यादित प्रवाह देऊन दाब हळूहळू वाढवला, तर थर पुन्हा तयार होऊ शकतो. रोहित्रावर चालणाऱ्या साध्या पुरवठ्यासाठी यास डिमरस्टॅट वापरतात. स्विच-मोड पुरवठा मात्र कमी दाबावर नीट चालत नाही. तेथे धारित्रे काढून स्वतंत्रपणे तपासणे किंवा बदलणेच योग्य.

या कामाला किती धीर लागतो, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. 'हार्वेल डेकाट्रॉन' हा सुमारे अडीच टन वजनाचा संगणक १९५१ साली कामाला लागला आणि १९७३ साली निवृत्त झाला. पुढे बरीच वर्षे तो सुट्या भागांच्या रूपात गोदामात पडून होता. ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणन संग्रहालयात २००९ साली त्याची दुरुस्ती सुरू झाली. तो पुन्हा समारंभपूर्वक चालू झाला तो २० नोव्हेंबर २०१२ रोजी!

शाळेत असे यंत्र असेल, तर ते प्लगला न जोडता प्रथम पाहावे, छायाचित्रे घ्यावीत. तडे गेलेली वा फुगलेली धारित्रे, बॅटरीतून झिरपलेला क्षार यांची नोंद विद्यार्थ्यांनाही करता येईल; पण वीजपुरवठ्याची पेटी जाणकार तंत्रज्ञानेच उघडावी. २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर आतील धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

जुना संगणक हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. क्षणभराच्या कुतूहलापायी तो जाळून टाकण्यापेक्षा, तो आधी नीट वाचायला शिकणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे.