जकात, सक्ती आणि चूल : पाकिस्तानातील १९८० चा प्रयोग

मराठी वाचकाला ‘जकात’ हा शब्द उच्चारताच शहराच्या वेशीवरील नाके आठवतात. मूळ अरबी शब्दाचा आशय मात्र शुद्धी आणि वृद्धी असा आहे. संपत्तीचा ठरावीक अंश गरजूंना दिल्याने उरलेली संपत्ती शुद्ध होते, ही त्यामागील धारणा. हा अंश राज्यसत्तेने वसूल करावा की श्रद्धावंताने स्वतः द्यावा, हा प्रश्न इस्लामच्या इतिहासाइतकाच जुना आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी इ. स. ६३२ मध्ये जकात नाकारणाऱ्या टोळ्यांविरुद्ध शस्त्र उचलले. पुढे उस्मान यांच्या कारकिर्दीपासून गुरे व पिके ही ‘दृश्य’, तर सोने व रोकड ही ‘अदृश्य’ संपत्ती असा भेद रूढ झाला आणि अदृश्य संपत्तीवरील जकात ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविण्यात आली, असे परंपरा सांगते.

विसाव्या शतकातील इस्लामी अर्थशास्त्रज्ञांनी या जुन्या विधीला केन्सच्या परिभाषेची जोड दिली. गरीब कुटुंब हाती आलेला पैसा जवळजवळ संपूर्णपणे अन्नवस्त्रावर खर्च करते. श्रीमंताचा वाढीव पैसा साठून राहतो. म्हणून अडीच टक्के जकातीमुळे उपभोग वाढेल आणि निष्क्रिय साठा बाजारात येईल, असा हा युक्तिवाद होता.

पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीने जून १९८० मध्ये काढलेल्या जकात व उश्र वटहुकुमाने या सिद्धान्ताची कसोटी पाहिली. बचत खाती, मुदत ठेवी, बचतपत्रे आदी अकरा प्रकारच्या मालमत्तांवर सक्तीची कपात ठरली. बचत खात्यांतून ती रमजानच्या प्रारंभी होऊ लागली. घरातील सोने, रोकड व चालू खाती मात्र मालकाच्या विवेकावर राहिली. परिणाम विपरीत झाला. सिद्धान्ताला ज्या निष्क्रिय साठ्यावर बोट ठेवायचे होते, तो सुटला आणि बँकेत उघड बचत करणारा मध्यमवर्ग सापडला. रमजानपूर्वी पैसे काढून घेण्याची रीतच पडली. बड्या जमीनदारांकडून अपेक्षित असलेला उश्र, म्हणजे पिकावरील अंश, तर फारसा वसूलच झाला नाही.

शिया समाजाचा आक्षेप वेगळा होता. जाफरी फिक्हनुसार कागदी चलनावर जकात लागत नाही, आणि ती वसूल करण्याचा अधिकारही अशा सरकारला नाही. जुलै १९८० मध्ये इस्लामाबादेत मुफ्ती जाफर हुसेन यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले आणि शासनाला माघार घेऊन सूट द्यावी लागली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुन्नी नागरिकांनाही प्रतिज्ञापत्राद्वारे ही सूट खुली केली. सक्तीचा कर अशा रीतीने पुन्हा ऐच्छिकतेकडे वळला.

गोळा झालेला निधी स्थानिक जकात समित्यांमार्फत विधवा, अनाथ व अपंगांपर्यंत जाई. ‘गुजारा’ हा शब्द मराठीसही परका नाही. चालू शतकाच्या आरंभी हा गुजारा भत्ता दरमहा ५०० रुपये होता. ज्या घरी तो पोहोचला, तेथे त्याचे पीठ आणि तेल झाले, यात शंका नाही. उपभोगाविषयीचा युक्तिवाद तेवढ्यापुरता खराच होता. तथापि एकूण वसुली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्याने घरे मोजकीच राहिली. शिवाय पात्रता गावातील समिती ठरवीत असल्याने मदतीला ओळखीपाळखीची आणि मिंधेपणाची झालर लागली.

२००८ मध्ये आलेल्या बेनझीर उत्पन्न साहाय्य योजनेने सर्वसाधारण महसुलातून, थेट कुटुंबातील स्त्रीच्या हाती रोख रक्कम देण्याचा मार्ग पत्करला. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने जकात प्रांतांकडे गेली. या तीन दशकांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पुनर्वितरणाचे धार्मिक अधिष्ठान कितीही दृढ असले, तरी देणाऱ्याचा विश्वास आणि घेणाऱ्याची प्रतिष्ठा ही दोन्ही सांभाळल्याखेरीज ते गरिबाच्या चुलीपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अदृश्य संपत्ती विवेकावर सोपविणाऱ्या प्राचीन व्यवस्थेला या विश्वासाचे मोल ठाऊक होते. मात्र केवळ विवेकावर विसंबून भूक भागत नाही, हेही तितकेच खरे.