बिल्ल्यांवरील खुणा
१९१३ सालीं जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म यानें लष्करी वैमानिकांकरितां खास बिल्ला सुरू केला. असे बिल्ले आज हौशी संग्राहक पारखून घेतात. जर्मनांशीं झुंजलेल्या ब्रिटिश विमानपथकांच्या बिल्ल्यांत मात्र मराठवाड्याचाही धागा गुंफलेला आहे. निजामानें देणगी दिलेल्या विमानांतून ११० व्या पथकानें १९१८ सालीं जर्मनीवर बाँब टाकले. त्या पथकास मागाहून मिळालेल्या बिल्ल्यावर वाघ आहे. १९४० सालीं इंग्लंडच्या आकाशांत लढलेल्या १५२ व्या पथकाच्या बिल्ल्यावर तर खुद्द निजामाचें शिरोभूषण आहे. नांदेड व लातूर हीं गांवें तेव्हां निजामाच्याच अमलाखालीं होतीं, आणि त्या राज्याच्या खजिन्यांत तेथील कुणब्याचा शेतसारा पडत असे. दात्याची खूण बिल्ल्यावर उमटली, सारा भरणाऱ्याची नाहीं. बिल्ला पारखणाऱ्यानें ही न कोरलेली बाजूही ध्यानांत घेतली पाहिजे.