पाच रुपये महिना

आश्विनात आमच्या दिंडोरीत द्राक्षबागांची छाटणी चालू असते. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उचल घेऊन उतरतात. यंदा त्यांतल्या एका पोराने मला विचारले, “बाबा, परदेशी गेलं तर पैसा गाठीला ऱ्हातो का हो?” मी त्याला मॉरिशसची हकिगत सांगितली.

गुलामगिरी उठू लागली तेव्हा तेथील ऊसमळेवाल्यांनी 1834 पासून हिंदी मजूर नेण्यास आरंभ केला. कलकत्ता-मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांतून रत्नागिरीकडची पुष्कळ मराठी माणसे गेली. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर शिधा नि कपडा. ऐकायला ठीक! पण एक दिवस खाडा पडला की दोन दिवसांची मजुरी बुडे. आरंभीच्या काळात बंदरावर मिळालेली आगाऊ रक्कमही पुढे पगारातूनच कापली जाई. म्हणजे आपली उचलच की ही! करार संपलेल्या मजुरालाही 1867 च्या कायद्यान्वये स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना बाळगावा लागे. नसला तर तुरुंग. त्याच साली हिवतापाच्या साथीत हजारो माणसे दगावली. त्यांचा हिशेब कोणत्या बाजूस मांडायचा?

सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. त्यांपैकी तिसरा हिस्सा परतला. कोणी चार पैसे आणले, कोणी रिकाम्या हातांनी आले.

राहिलेल्यांचे दैव उघडले ते मजुरीने नव्हे, जमिनीने. साखरेचे भाव पडून मळेवाले अडचणीत आले, तेव्हा 1880 च्या सुमारास त्यांनी मळ्यांचे तुकडे विकावयास काढले. शिल्लक टाकलेल्या, गायी पाळलेल्या, भाजी विकलेल्या जुन्या मजुरांनी ते हप्त्याने घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी उसाखालची सुमारे तिसरा हिस्सा जमीन हिंदी लोकांकडे होती. लाभ झाला खरा, पण बहुतेकांच्या बाबतीत तो नातवाच्या पदरात पडला.

मुंबईकडचा ओघ मात्र 1860 नंतर आटला. त्याच सुमारास कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि आमच्याच नाशिकच्या वाटेवर थळघाटात लोहमार्गाचे काम चालले होते. तो घाट 1865 साली खुला झाला. घराजवळ रोख मजुरी मिळू लागल्यावर समुद्र कोण ओलांडणार, असे मला वाटते.

पोराने सारे ऐकून घेतले. मग म्हणाला, “म्हंजे जमीन पायजे.” आणि कात्री उचलून तो वेलीकडे वळला.