रुमाल, चाळ आणि ढग

आमच्या पिंपळगाव बसवंतात 'ढग' हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. द्राक्षं उतरायला आली असताना आभाळात एक ढग दिसला, की लगेच दुसरा बागाईतदाराच्या चेहऱ्यावर दिसतो. अशा गावात आमच्या चिरंजीवांनी परवा सल्ला दिला, "पप्पा, आजीचा व्हिडिओ ढगात ठेवा!" तो 'क्लाउड' म्हणाला होता; भाषांतराचा गुन्हा माझा.

त्याचं असं झालं, माझा फोन 'जागा संपली' म्हणून रोज कोकलायला लागला. त्यात आईचा चार मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस कसा भिजवायचा, हे ती सांगते आणि मध्येच मला म्हणते, "आधी शर्टाचं बटण लाव." आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा तो पुसून जागा करण्याचा प्रश्नच नव्हता.

अस्मादिक पडले बँकेतले कारकून, त्यातून बी. कॉम. ठेवींचे दर बघावेत तसा मी तक्ताच आखला. फुकटात गुगल १५ जीबी देतं, अॅपल आणि मायक्रोसॉफ्ट ५-५, ड्रॉपबॉक्स २. सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे, पण ते दाखल्यांसाठी. कुरडयांची तिथं सोय नाही. सरकारी खात्यांसाठीही एक ढग आहे आणि त्याचं नाव 'मेघराज'! नाव ठेवताना पिंपळगावकरांना विचारलं नसावं. पण फुकटाचं काही खरं नसतं. गुगलनं २०१५ साली हवे तेवढे फोटो फुकट ठेवून घ्यायला सुरुवात केली आणि १ जून २०२१ पासून हात आखडता घेतला.

"अहो, पण हा ढग असतो कुठं?" आमच्या सौ.नं विचारलं.

ढग असतो जमिनीवरच. मोठाल्या थंडगार इमारतींत यंत्रांच्या रांगा लावलेल्या असतात. अॅमेझॉननं २०१६ साली असा एक मुक्काम मुंबईला ठोकला. आमचा कांदा ज्या आग्रा रोडनं मुंबईला जातो, त्याच वाटेवरचं गिऱ्हाईक म्हणायचं! थोडक्यात, ढग म्हणजे परक्याच्या वाड्यातली भाड्याची खोली.

आणि परक्याच्या वाड्यात कागद राहण्याची आपली ही काही पहिली वेळ नव्हे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात त्या जुन्या कागदांचे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. चौकोनी फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. इंग्रजांनी ते सांभाळले, ते काही मोडीच्या प्रेमापोटी नव्हे. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, म्हणजेच सारा कोणाकडून घ्यायचा, हे त्या कागदांत होतं. ज्यात पैसा अडकलेला असतो, ते दप्तर टिकतं. पुढं १९३० ते ३४ या काळात गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून ४५ खंड काढले, तेव्हा कुठं ते वाचणाऱ्यांच्या हाती लागले.

मग घरचे कागद घरीच ठेवावेत? तेही ऐका. ज्यांनी ते माळ्यावर टाकले, त्यांच्याकडे उंदीर, वाळवी आणि ओल यांनी इतिहासाचं संशोधन मनसोक्त केलं. उरलंसुरलं वाचवायला राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून हिंडले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. असे एकूण २२.

म्हणजे परक्याकडे ठेवलं तर त्याची गरज असेतो, आणि घरी ठेवलं तर उंदराची भूक लागेतो!

माझा तक्ता तिथंच अडला. त्यात आणखी एक नियम सापडला: दोन वर्षं खात्याकडे फिरकलं नाही, तर गुगल ते पुसून टाकू शकतं. माझी बँकवाल्याची मान जरा ताठ झाली. आमच्याकडेही दोन वर्षं व्यवहार नसला की खातं झोपतं, पण मरत नाही. दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, तरी वारस कागद घेऊन आला की ते परत मिळतात. आईचा आवाज परत द्यायला मात्र कोणतीच रिझर्व्ह बँक नाही.

शेवटी उत्तर सापडलं ते शेजारच्या कांदाचाळीत. उन्हाळ कांदा भरून चाळीला कुलूप घालणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही. तो अधूनमधून आत शिरतो, वास घेतो, सडका कांदा वेचून बाहेर टाकतो. चाळ कितीची, हा प्रश्न नंतरचा. चाळीत कोण फिरकतं, हा पहिला.

तेव्हा एक प्रत ढगात ठेवली, महिन्याचं भाडं कबूल करून. दुसरी हार्ड डिस्कवर, घरातल्या ट्रंकेत. तिसरी नाशिकला ताईकडे. डिस्क सौ.नं आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली. पिंपळगावातला हा पहिला रुमाल!

आणि दर अक्षय्य तृतीयेला, पितरांचा घास काढल्यावर, तिन्ही प्रती उघडून बघायच्या असं ठरलं. यंदा तिन्ही चालू निघाल्या. तिन्ही वेळा आई म्हणाली, "आधी शर्टाचं बटण लाव."

तिन्ही वेळा मी चाचपून पाहिलं. उघडंच होतं.