वऱ्हाडचा पहिला सुलतान : फतहउल्ला इमादशाह

अकोटकडून नरनाळ्यावर सहलीला गेलात तर महाकाली दरवाज्यापुढे थोडे थांबा. त्याच्या कोरीव सज्ज्यांचे कौतुक सर्वच करतात, परंतु वरचा शिलालेख सहसा कोणी पाहत नाही. हा दरवाजा इ. स. १४८७ मध्ये फतहउल्ला इमादुल्मुल्क याने बांधविला. लेखात मोठेपणा आहे तो बिदरच्या महमूदशाह बहामनीचा. यानंतर तीनच वर्षांनी, १४९० मध्ये, फतहउल्ला स्वतंत्र झाला. मग त्याला बंडखोर म्हणायचे काय?

हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी हिंदू घराण्यातला. लहानपणीच लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या पदरी गुलाम म्हणून वाढला. मुसलमान झाला, शिपाईगिरी शिकला. पुढे वजीर महमूद गावान याने त्याचे गुण हेरले व १४७१ मध्ये त्याला वऱ्हाडचा सुभेदार केले. ना कुळाचा आधार, ना कोणी नातलग दरबारात!

गावान हा मोठा शिस्तीचा वजीर. त्याने प्रत्येक सुभ्याचे दोन भाग पाडले. वऱ्हाडचे गाविल व माहूर असे झाले आणि फतहउल्लाकडे गाविल राहिले. सुभेदाराच्या हाती किल्ला एकच, बाकीचे सुलतानाकडे, असाही नियम त्याने घातला. १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून सुलतानाने याच गावानचा शिरच्छेद करविला. तेव्हापासून फतहउल्लाने आपली छावणी सुलतानापासून दूर ठेवली व तो वऱ्हाडात निघून आला.

त्यानंतर त्याने नरनाळ्याचे काम केले आणि १४८८ मध्ये गाविलगडची दुरुस्ती केली. एका किल्ल्याचा नियम गावानबरोबरच संपला होता, हे यावरून उघड दिसते. तरीही नाव सुलतानाचेच कोरले. माझ्या मते तो उतावळा नव्हता. बिदरची सत्ता बरीदांच्या हाती जाताना पाहून मगच त्याने अचलपूरला आपली गादी मांडली. अहमदनगर व विजापूरही त्याच सुमारास वेगळी झाली.

चिखलदऱ्याला जाल तेव्हा गाविलगडच्या दिल्ली दरवाज्यावरील शिल्प मुलांना जरूर दाखवा. हत्तींना धरणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी तेथे कोरलेला आहे. हे विजयनगरकडचे चिन्ह. गुलाम म्हणून आणलेल्या त्या पोराला जन्मभूमी आठवत होती, असे अनेक अभ्यासक यावरून मानतात, आणि मलाही ते पटते.

त्याचे घराणे चार पिढ्या टिकले. पणतू बुऱ्हाण लहान असताना कारभारी तुफालखानाने गादी बळकावली व त्याला कैदेत टाकले, तेही नरनाळ्यातच. त्याला सोडविण्याचे निमित्त करून अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह चालून आला. १५७४ मध्ये दोन्ही किल्ले पडले, वऱ्हाड निजामशाहीत गेले. बुऱ्हाणची सुटका मात्र झाली नाही. तो व तुफालखान दोघेही निजामशाहाच्या कैदेत मेले.